दुसरी तार कुठे आहे?

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडच्या एमआयडीसीत किंवा आसनगाव-वासिंदच्या पट्ट्यात एखाद्या लहान कारखान्यातलं मशीन माप चुकायला लागलं, की दोषींची यादी तयारच असते. पहिलं नाव ऑपरेटरचं: धसई, टोकावडे, डोळखांब, किन्हवली अशा कुठल्या तरी गावाहून एसटी धरून येणारा, कंत्राटावर राबणारा मुलगा. दुसरं नाव महावितरणचं. तिसरं अर्थिंगचं. मग सर्वो मोटरचं, आणि अगदी शेवटी ‘चायनाचा माल’ म्हणून ड्राइव्हचं. या यादीत एक नाव कधीच येत नाही. ज्याने मायक्रोकंट्रोलरच्या पिनेतून एकच सुटी तार काढली, दोन मीटर लांब नेली आणि सर्वो ड्राइव्हच्या पल्स इनपुटला जोडून पैसे घेऊन निघून गेला, त्या मशीनवाल्याचं नाव. माझ्या यादीत ते सगळ्यात वर आहे.

कंट्रोल पॅनेलं उघडून बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मोठ्या कारखान्यांबद्दल मी बोलत नाही. वासिंदला जेएसडब्ल्यूचा पत्र्यावर लेप देण्याचा कारखाना आहे; तसल्या ठिकाणी इन्स्ट्रुमेंटेशनचा स्वतंत्र विभाग असतो आणि केबल कुठून कशी न्यायची याचे नियम कागदावर असतात. मी बोलतोय ते दहा-पंधरा माणसांच्या गाळ्यांबद्दल. तिथे कर्ज काढून एक एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बांधलेलं मशीन, घेतलेलं असतं: पाइप मापात कापणारं, पत्रा पुढे सरकवणारं, भोकं पाडणारं. त्याचं पॅनेल उघडलं की आत काय दिसतं? एक आर्डुइनो किंवा एसटीएम32 चा निळा बोर्ड, डबल टेपने चिकटवलेला. त्यातून निघालेल्या ब्रेडबोर्डच्या जंपर वायरी, पुढे जोड देऊन लांबवलेल्या. आणि त्या वायरी ज्या ट्रंकिंगमधून जातात, त्याच ट्रंकिंगमध्ये मोटरची यू, व्ही, डब्ल्यू केबल आणि शेजारच्या व्हीएफडीचं, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचं, आउटपुट. हे पाहिलं की मला राग येतो. हे अज्ञान आहे, आणि ग्राहकाला पॅनेलच्या आतलं काही कळत नाही या खात्रीवर ते खुशाल विकलं जातं.

आता हे वाईट का, ते नीट सांगतो. कारण ‘नॉइज आहे साहेब’ एवढं बोलून हात झटकणाऱ्यांना मी कंटाळलोय.

या मशिनांमध्ये सर्वोला हुकूम जातो तो पल्स आणि डिरेक्शन अशा दोन सिग्नलांनी. एक पल्स म्हणजे एक पाऊल. समजा मोटरच्या एका फेऱ्याला 10,000 पल्स ठरवले आणि बॉल स्क्रूचं पिच 5 मिलिमीटर आहे. म्हणजे एक पल्स अर्ध्या मायक्रॉनचा. खोटे 200 पल्स मध्येच घुसले की माप 0.1 मिलिमीटरने सरकलं. आणि एकदा सरकलं की पुढच्या होमिंगपर्यंत, म्हणजे मशीन पुन्हा शून्यावर आणेपर्यंत, ते सरकलेलंच राहतं. प्रत्येक नगाबरोबर चूक साचत जाते. सकाळचा माल बरोबर आणि दुपारचा रिजेक्ट, हे कोडं इथे सुटतं.

मालक म्हणतात, ‘पण सर्वोला एन्कोडर असतो ना? तो चूक दुरुस्त करत नाही का?’ नाही करत. हाच सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि विकणारे लोक तो जाणूनबुजून तसाच ठेवतात. एन्कोडर मोटर आणि ड्राइव्ह यांच्यामधला कारभार बघतो. ड्राइव्हला 10,200 पल्स मिळाले, तर मोटर बरोबर 10,200 पल्सांएवढीच फिरली की नाही, एवढंच तो तपासतो. कंट्रोलरने मुळात 10,000 च पाठवले होते, हे त्याला कळायला मार्गच नाही. खोटा हुकूम तो अत्यंत अचूकपणे पाळतो. म्हणून अलार्म येत नाही, लाल दिवा लागत नाही, आणि डिस्प्लेवर सगळं ठीक असताना माल खराब निघत राहतो. मग दोष द्यायला समोर उभा असलेला माणूस सापडतो, तो म्हणजे ऑपरेटर.

खोटे पल्स येतात कुठून? ड्राइव्हच्या आतून. सिंगल फेजवर चालणाऱ्या ड्राइव्हमध्ये सव्वातीनशे व्होल्टची डीसी बस असते, थ्री फेज 415 व्होल्टवरच्यात जवळपास 590 ची. तेवढं व्होल्टेज आयजीबीटी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात आणि प्रत्येक वेळचा चढ-उतार मायक्रोसेकंदाच्या छोट्या अंशात होतो. मोटरची केबल आणि तुमची जंपर वायर शेजारी शेजारी असल्या की त्या दोघींमध्ये नकळत एक कपॅसिटर तयार होतो. तो फक्त 10 पिकोफॅराडचा धरा, 325 व्होल्ट 100 नॅनोसेकंदांत बदलले असं धरा, आणि गुणाकार-भागाकार करा: त्या क्षणापुरता 30 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह तुमच्या सिग्नलच्या तारेत ढकलला जातो. ड्राइव्हच्या तोंडाशी असलेला ऑप्टोकपलर पेटवायला साधारण 10 मिलिअँपिअर पुरतात. क्षण छोटा असतो हे खरं. पण पल्स इनपुटला मुद्दाम जलद ऑप्टोकपलर बसवलेला असतो, आणि असा झटका त्याला पल्ससारखा दिसू शकतो. दुसऱ्या बाजूने 3.3 व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर 5 व्होल्टसाठी बनवलेल्या इनपुटला कसाबसा अर्धा प्रवाह देतो. म्हणजे खरा पल्स अशक्त आणि खोटा दांडगा. असल्या जोडणीकडून अचूकतेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

यावरचा उपाय माझ्या आजोबांच्या जन्माआधीपासून माहीत आहे. सिग्नल एका तारेवर पाठवायचा नाही, दोन तारांवर पाठवायचा. एकीवर वर जाईल तेव्हा दुसरीवर खाली. घेणाऱ्याने जमिनीशी तुलना करायची नाही, दोघींमधला फरक तेवढा बघायचा. भातसाच्या जलाशयात एका होडीत दोन माणसं उभी असली आणि लाटेने होडी वरखाली झाली, तरी दोघांच्या उंचीतला फरक बदलत नाही. तसं बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. तो सारखा पडावा म्हणून दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा. पीळ दिलेल्या जोडीचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलने 1881 मध्ये घेतलं. मुरबाडच्या एक्स्चेंजमधून गावातल्या घरापर्यंत जो काळा फोन वाजायचा, तो याच जोडीवर. कित्येक किलोमीटर, विजेच्या खांबांच्या आसपासून, आणि बोलणं स्वच्छ ऐकू यायचं. आपल्याच तालुक्यात टेलिफोन खात्याने कित्येक किलोमीटर सांभाळलेली शिस्त दोन मीटरच्या पॅनेलमध्ये आपण मोडून टाकली आहे.

आकडेच हवे असतील तर तेही घ्या. साध्या टीटीएल सिग्नलला गोंगाट सोसायला हमीची जागा असते 0.4 व्होल्टची. आरएस-422 या 1970 च्या दशकातल्या मानकात पाठवणारा दोन तारांमध्ये किमान 2 व्होल्टचा फरक देतो, घेणाऱ्याला 0.2 व्होल्टचा फरकही पुरतो, आणि दोन्ही तारा मिळून जमिनीच्या तुलनेत 7 व्होल्टपर्यंत वर किंवा खाली सरकल्या तरी त्याचं काही बिघडत नाही. कमी वेगात ही जोडी 1200 मीटर जाते. आणि आपले लोक 3.3 व्होल्टची एकटी तार घेऊन दोन मीटरमध्ये हरतात.

वेगाचा हिशोब तर थेट मालकाच्या खिशातला आहे. बऱ्याच ड्राइव्हांच्या मॅन्युअलमध्ये साध्या पल्स इनपुटसाठी दोन मर्यादा छापलेल्या असतात: डिफरेन्शियल म्हणजे लाइन ड्रायव्हर जोडणीला सेकंदाला 5 लाख पल्स, ओपन कलेक्टर म्हणजे एकट्या तारेच्या जोडणीला 2 लाख. वर धरलेल्या 10,000 पल्सांच्या हिशोबाने 5 लाख म्हणजे सेकंदाला 50 फेरे, मिनिटाला 3000. मोटरचा पूर्ण वेग. 2 लाख म्हणजे मिनिटाला 1200. म्हणजे 3000 आरपीएमच्या मोटरचे पैसे भरले आणि वायरिंगवाल्याच्या आळसापायी ती 1200 वर चालवली. यावर उत्तर मिळतं की इलेक्ट्रॉनिक गिअर बदलून पल्स कमी करू. करा. फेऱ्याला 4000 पल्स ठेवले तर 2 लाखांत 3000 आरपीएम मिळतील, पण एक पल्स अर्ध्या मायक्रॉनचा होता तो सव्वा मायक्रॉनचा होईल. एकतर वेग सोडा, नाहीतर बारकावा सोडा. मॅन्युअलच्या त्याच पानावर दोन्ही फुकट मिळत असताना हा सौदा मालकाच्या वतीने परस्पर करण्याचा अधिकार वायरिंगवाल्याला कुणी दिला?

आणि आता अर्थिंग. या विषयावर आमच्या भागात जेवढा पैसा मातीत गेलाय तेवढा कशात गेला नसेल. मशीन चुकलं की खड्डा खणा, मीठ-कोळसा भरा, तांब्याची पट्टी गाडा. चांगलं अर्थिंग माणसाच्या जिवासाठी लागतंच. आयएस 3043 हे त्याचं भारतीय मानक आहे आणि ते पाळलंच पाहिजे. मुरमाखाली काळा पाषाण असलेल्या आपल्या जमिनीत, जिथे मुंबईला पाणी देणाऱ्या धरणांच्या शेजारची गावं मे महिन्यात टँकरची वाट बघतात, तिथे अर्थपिट कोरडे पडू नयेत म्हणून जास्तच लक्ष द्यावं लागतं. पण खोट्या पल्सांचा रोग त्या खड्ड्याने बरा होत नाही. तो गोंगाट ड्राइव्हमधून निघून मोटरच्या केबलने बाहेर पडतो आणि पॅनेलमधल्याच वाटांनी परत ड्राइव्हकडे येतो. अंगणातल्या खड्ड्यापर्यंत जाण्याची त्याला गरजच नाही. त्याहून भयंकर म्हणजे ‘इलेक्ट्रॉनिक्सचं अर्थिंग वेगळं’ असं सांगून दुसरा सुटा खड्डा खणणारे. दोन न जोडलेल्या खड्ड्यांमध्ये वीज कडाडली किंवा फॉल्ट झाला की शेकडो व्होल्टचा फरक येऊ शकतो, आणि तो फरक कंट्रोलरच्या बोर्डातून वाट काढतो. ऑपरेटरचा एक हात मशीनवर आणि एक पॅनेलवर असेल तर त्याच्यातून. असा सल्ला देऊन बिल लावणाऱ्या माणसाला कारखान्यात पाऊल ठेवू देऊ नये.

मग नेमकं करायचं काय? एएम26एलएस31 नावाची चिप आहे. एका चिपमध्ये चार लाइन ड्रायव्हर. पल्स, डिरेक्शन, आणि दोन शिल्लक. 5 व्होल्टवर चालते, आणि तिच्या इनपुटला 2 व्होल्टच्या वरचं सगळं ‘हाय’ वाटतं, त्यामुळे 3.3 व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर तिला थेट जोडता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शंभराच्या नोटेत येते. ती नाही मिळाली तर मॅक्स485 चे तयार बोर्ड मिळतात, एका जोडीला एक; त्यांची डीई पिन कायम वर बांधून ठेवायची. 26एलएस31 ची एनेबल पिन मात्र कायमची बांधू नका, ती कंट्रोलरच्या ताब्यात द्या आणि तिला पुल-डाउन लावा. नाहीतर बोर्ड चालू होताना पिना अधांतरी असतात तेवढ्या वेळात मोटर उडी मारते. मुरबाडच्या एका गाळ्यात अशाच उडीने फिक्श्चर तुटलेलं मी पाहिलं आहे. त्या वेळी तिथे कुणाचा हात नव्हता, एवढंच नशीब.

जोडताना पल्स प्लस आणि पल्स मायनस यांची एक पीळदार जोडी, डिरेक्शनच्या दोघींची दुसरी. हे लिहायची वेळ यावी हे वाईट आहे, पण पल्स प्लस आणि डिरेक्शन प्लस यांना एकत्र पीळ देणारे महाभाग याच तालुक्यांत आहेत; केबल महागडी, पीळ सुंदर, उपयोग शून्य. पल्स मायनस ग्राउंडला टाकून ‘डिफरेन्शियल केलंय’ म्हणणारेही आहेत. त्यांनी फक्त केबल बदलली, पद्धत तीच राहिली. दोन्ही तारा चिपमधून चालवल्या गेल्या पाहिजेत, तरच पल्स संपताना ऑप्टोकपलरवरचं व्होल्टेज उलटं होऊन तो ठामपणे विझतो. ऑप्टोकपलरच्या इनपुटला ग्राउंड जोडायची गरज नसते. ड्राइव्हचा अतिजलद पल्स पोर्ट वापरला किंवा एन्कोडरचं आउटपुट कंट्रोलरमध्ये परत घेतलं, तर तिथे लाइन रिसीव्हर असतो आणि दोन्हीकडची सिग्नल ग्राउंड तिसऱ्या तारेने जोडावीच लागते, नाहीतर 7 व्होल्टची मर्यादा ओलांडली जाते. शील्ड धातूच्या क्लॅम्पखाली गोल दाबायची. तिचं लांब शेपूट काढून स्क्रूला बांधली तर उच्च वारंवारतेला ती असून नसल्यासारखी. मोटरच्या केबलपासून वीतभर अंतर, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात. आणीबाणीचं लाल बटण मायक्रोकंट्रोलरमधून फिरवायचं नाही. ते तारेने थेट सुरक्षा सर्किटमधून ड्राइव्हच्या एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ) इनपुटला जायला हवं. प्रोग्राम अडकू शकतो, आणि अडकतो तेव्हा समोर माणूस उभा असतो.

एवढं सगळं करायला किती खर्च? चिप, चार मीटर शील्डेड केबल, दोन क्लॅम्प. मशीनच्या किमतीत तो दिसणारसुद्धा नाही. म्हणून ‘परवडत नाही’ हे कारण मी मान्य करत नाही. ‘इथरकॅटवाला ड्राइव्ह घ्या, भानगडच नको’ हा शहरी सल्लाही मला पटत नाही. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावा. पण त्या केबलच्या आतही पीळदार जोड्याच आहेत. मॉडबस ज्या आरएस-485 वर चालतो तिथे जोडी, गाडीतल्या कॅन बसमध्ये जोडी, खिशातल्या मोबाइलच्या यूएसबी केबलमध्ये डेटाला जोडी. जगात जिथे जिथे सिग्नल विश्वासाने पाठवायचा आहे तिथे दोन तारा आहेत. एकच तार उरली आहे ती आमच्या पॅनेलांमध्ये.

शिक्षणाबद्दल बोलल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. शहापूरला आयटीआय आहे, मुरबाडला आहे, आसनगावला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला आहे आणि 2025 च्या जूनपासून तो आमण्यापर्यंत खुला आहे; कारखाने येतील, मशिनं येतील. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं, कुठल्याही संस्थेतली असोत, कोड उत्तम लिहितात. त्यांना एलईडी लुकलुकवता येतो, मोबाइलवरून पंखा चालवता येतो. पण ऑसिलोस्कोपचा प्रोब धरून चालत्या ड्राइव्हशेजारची सिग्नलची तार बघितलेली मुलं मला क्वचित भेटली. ज्याने तो कचरा डोळ्यांनी एकदा पाहिला, तो आयुष्यात पुन्हा एकटी तार ओढणार नाही. प्रत्येक इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गाने एका प्रात्यक्षिकात एकाच ड्राइव्हला आधी एका तारेने आणि मग जोडीने पल्स द्यावेत, शेजारी व्हीएफडी चालू ठेवावा, आणि चुकलेले पल्स मोजावेत. याला नवा अभ्यासक्रम लागत नाही. शिक्षकाची इच्छा लागते.

आणि मालकांनो, आता तुमच्याशी. मशीनचा शेवटचा हप्ता देण्याआधी एक चाचणी मागा. कपलिंग सोडून मोटर मोकळी करा. गाळ्यातले सगळे व्हीएफडी, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन चालू ठेवा. कंट्रोलरकडून एकाच दिशेने दहा लाख पल्स पाठवायला लावा. नुसतं मागे-पुढे करून शून्यावर आलं का हे बघू नका. जाताना घुसलेले आणि येताना घुसलेले खोटे पल्स एकमेकांना खाऊन टाकू शकतात आणि चोर सुटतो. बहुतेक ड्राइव्हच्या डिस्प्लेवर मिळालेल्या पल्सांची मोजणी दाखवण्याची सोय असते, ती उघडा. पाठवलेला आकडा आणि मिळालेला आकडा शेजारी शेजारी लिहा. एकाही पल्सचा फरक चालवून घेऊ नका. फरक निघाला तर पॅनेलचं दार उघडून मशीनवाल्याला दुसरी तार दाखवायला सांगा. ती नसेल तर हप्ता रोखा, आणि रिजेक्ट मालापायी ऑपरेटरच्या पगारातून कापलेले पैसे त्याच दिवशी त्याला परत करा.